भोंगा ते भोंगा

माझ्या बायकोच्या मामांइतका खरं बोलणारा माणूस वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि त्यांच्याइतकी खोटी कीर्ती मिळालेला माणूसही दुसरा झाला नसेल. या दोन गोष्टी एकाच देहात पंधरा-सोळा वर्षं न भांडता नांदत होत्या. कीर्ती अशी होती, की मामा मोटारसायकलवर बसून अमरावतीहून निघाले, की तासाच्या आत अकोल्यात असतात. अंतर साठ मैलांचं. रस्ता त्या काळचा, म्हणजे मधोमध एका गाडीपुरतं डांबर, दोन्ही अंगांना काळी माती, आणि हंगामात कापसाच्या बैलबंड्यांची अशी रांग, की तिचं शेपूट बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकात अडकलेलं असे आणि तोंड कुठे असेल ते कोणालाच सांगता येत नसे. बसला या प्रवासाला तीन तास लागत. ड्रायव्हरच्या ओळखीचं कोणी वाटेत भेटलं तर चार. त्याच रस्त्यावरून मामा पंचावन्न मिनिटांत जातात, हे अमरावतीत पानवाल्यापासून न्यायाधीशांपर्यंत सर्वांना मान्य होतं. न मानणारा मी एकटा होतो, आणि मी शाळामास्तर असल्यामुळे माझ्या न मानण्याला कोणी फारशी किंमत देत नसे.

मामा जिनिंगच्या कारखान्यात फिटर होते. सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या मशीनला चामड्याचा रोलर असतो. तो झिजला, की मशीन रुई ओढायचं सोडून नुसतंच गरगरत राहतं, एखाद्या समितीसारखं. रोलर बदलायचा, पातं बसवायचं, पट्ट्याची ओढ पाहायची, ही मामांची विद्या. चालू मशीनला ते लांबूनच कान लावत आणि सांगत, "याले सर्दी झाली," किंवा "थे तिसऱ्या नंबरचं उपाशी हाये." अमरावतीतलं एक जिन आणि अकोल्यातलं एक जिन अशी दोन ठिकाणं त्यांनी धरली होती. अकोल्यात फिटर नव्हते असं नाही. त्या जिनाच्या मागच्याच गल्लीत एक चांगला कसबी फिटर राहत होता. भिंतीवरून हाक मारली असती तर तो हातातली भाकरी न संपवता आला असता. पण मशीन बंद पडलं, की मालक अमरावतीला ट्रंक कॉल लावायचा. "मामा लवकर येते," तो म्हणायचा. साठ मैलांवरचा माणूस मागच्या गल्लीतल्या माणसापेक्षा लवकर येतो, असं लोकांना वाटायला लागलं म्हणजे त्याला कीर्ती म्हणायला हरकत नाही. मामांचं अर्धं पोट या कीर्तीवर चाललं होतं.

मोटारसायकल लष्करातली. महायुद्ध संपल्यावर सरकारने जे जे लिलावात काढलं, त्यात ती मामांच्या वाट्याला आली. डाव्या बाजूला साइडकार होती, तिला घरात 'डबा' म्हणत. मूळचा खाकी रंग जाऊन मामींच्या आग्रहावरून गाडी हिरवी झाली, पण निवृत्त सुभेदाराचा आवाज जसा मधूनच बाहेर पडतो, तसा खाकी रंग कुठेकुठे डोकं वर काढत असे. ती पहिल्या लाथेत कधी सुरू झाली नाही आणि तिसऱ्या लाथेत सुरू झाली नाही असंही कधी झालं नाही. पहिल्या दोन लाथांनंतर मामा थोडा वेळ थांबत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "म्हातारं माणूस हाये जवाई. पयले हाक माराव, मंग तिले इचार करू द्याव." धोतराला सायकलचे चाप, वर काळा कोट, डोक्यावरची टोपी उडू नये म्हणून तिच्यावरून हनुवटीखाली बांधलेलं मफलर, आणि डोळ्यांवर त्याच लिलावातला गॉगल. या पोशाखात ते निघाले, की अनोळखी गावातली कुत्री भुंकायचं विसरून बघत राहत. मनगटावर घड्याळ मात्र त्यांनी आयुष्यात बांधलं नाही. ज्याला पट्ट्यांमध्ये आणि रोलरमध्ये हात घालायचा असतो, तो हाताला काही बांधत नाही, हा त्यांच्या धंद्याचा पहिला नियम. वेळ त्यांना जिनाचा भोंगा सांगत असे.

रस्त्यावर वागण्याचे त्यांचे स्वतःचे काही कायदे होते. मागून हॉर्न वाजवणं त्यांना असभ्यपणाचं वाटे. बंडी ओलांडायची तर आधी बरोबरीला यायचं, गाडीवानाला "कोन्या गावची?" म्हणून विचारायचं, उत्तर ऐकून घ्यायचं आणि मग पुढे जायचं. एकदा मूर्तिजापूरच्या अलीकडे एक गाडीवान कापसावर गाढ झोपला होता आणि बैल आपल्या मताने चालले होते. मामांनी अर्धा मैल गाडी बंडीच्या बरोबरीने चालवली. माणूस जागा झाला, बाजूला हिरवं यंत्र आणि त्यावर गॉगल घातलेला इसम पाहून त्याने हात जोडले. मामा म्हणाले, "रामराम. उजवा बैल लंगडून राह्यला, पाय पाहा त्याचा." आणि गेले. लग्नाची वरात आली तर ते इंजिन बंद करून उभे राहत. अंत्ययात्रा आली तर उतरून चार पावलं चालत. असा माणूस साठ मैल पंचावन्न मिनिटांत कसा काटतो, हा प्रश्न मला पडे. तो इतरांना पडत नसे.

शिवाय मामा खोटं बोलत नाहीत हेही जगजाहीर होतं. आमच्या नात्यातल्या एका मुलाला पाहायला धामणगावची मंडळी आली असता मुलीच्या वडिलांनी मामांना विश्वासात घेऊन विचारलं, "पोरगा कसा काय आहे?" मामा म्हणाले, "चांगला हाये. मॅट्रिकले दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा पास झाला, पण थो कसा झाला थे मले मालूम नाही." लग्न जमलं, कारण मुलीच्या वडिलांचं स्वतःचं मॅट्रिक व्हायचंच राहिलं होतं; पण मुलाची आई मामांशी दोन दिवाळ्या बोलली नाही.

आता या खरं बोलण्याची गंमत पाहा. पंचावन्न मिनिटांचा आकडा मामांनी स्वतःच्या तोंडाने कधीही उच्चारला नाही. कोणी विचारलं, की ते एवढंच म्हणत, "आठच्या भोंग्यासंग निगालो, नवाच्या भोंग्याआधी पोचलो." अमरावतीच्या जिनाचा आठचा भोंगा, अकोल्याच्या जिनाचा नवाचा भोंगा. बाकीची वजाबाकी लोक करत. परतीचा प्रवास मात्र वेगळा होता. अकोल्याच्या पाचच्या भोंग्याला निघालेले मामा अमरावतीच्या जिनात, तिथल्या घड्याळाप्रमाणे, सव्वासातला उतरत. जायला पंचावन्न मिनिटं आणि यायला सव्वादोन तास. याचं स्पष्टीकरण मामांना कधी द्यावं लागलं नाही, कारण लोकांकडे पाच-सहा तयार होती. अमरावती उंचावर आहे. वारा सामोरा असतो. दिवसभराने इंजिन दमतं. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांचं मत असं, की अकोला ही मामांची सासुरवाडी असल्याने जाताना माणूस उडत जातो आणि येताना त्याचा पाय निघत नाही. हे मत त्यांनी इतक्या गंभीरपणे मांडलं, की मी त्यांच्या सासुरवाडीची चौकशी करायचं टाळलं.

फक्त मामी कधी या चर्चेत पडत नसत. त्या डब्यात बसून माहेरी जात तेव्हा पानाचा डबा मांडीवर असे. एकदा आमच्याकडे जेवायला आल्या असताना माझ्या बायकोने विचारलं, "मामी, एवढ्या वेगानं भीती नाही वाटत?" मामी सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "मले नाही समजत बापा तुमचं भोंगा-फिंगा. जाताना तीन पानं लागतात, येताना तीन पानं लागतात." आम्ही सगळे हसलो. मी गणित शिकवत असे, आणि मीही हसलो.

एका जानेवारीत मला परीक्षेच्या कामासाठी अकोल्याला जायचं होतं. मामा म्हणाले, "चला, डबा खालीच हाये." रिकामा म्हणजे त्यात दोन रोलर, एक हातोडा, पान्यांची पिशवी आणि अर्धा डझन पाती होती. हे सगळं मांडीवर घेऊन मी बसलो. माझ्या मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ होतं. ते मी रोज रात्री रेडिओच्या टोल्याबरोबर लावत असे. मास्तराला मिरवायला दुसरं काही नसतं. जिनाचा आठचा भोंगा झाला आणि मामांनी तिसरी लाथ मारली, तेव्हा माझ्या घड्याळात सात चाळीस झाले होते. मला नवल वाटलं नाही. आमच्या जिनाचा भोंगा वीस मिनिटं पुढे असतो हे अमरावतीत सर्वांना माहीत होतं. मालकाला माणसं लवकर यायला हवी असत. आम्ही निघालो. बडनेऱ्याचं फाटक नशिबाने उघडं होतं. मामांनी सात बंड्यांची गावं विचारली. गाडी चांगली चालत होती, पण ती उडत नव्हती. अकोल्याच्या जिनाच्या फाटकात शिरलो तेव्हा माझ्या घड्याळात सव्वानऊ झाले होते. पंच्याण्णव मिनिटं. त्या रस्त्यावर, त्या वयाच्या गाडीने, मांडीवर लोखंड घेतलेला मास्तर डब्यात बसवून पंच्याण्णव मिनिटं ही काही वाईट वेळ नव्हे. पण पंचावन्न नव्हे.

मामांच्या हातात चहाचा कप आला. मी तोंड उघडणार, तोच डोक्यावर भोंगा झाला. नवाचा. माझ्या घड्याळात नऊ वीस. "पाहा मास्तर," मालक म्हणाला, "नवाच्या आत." सगळा उलगडा मला तिथल्या तिथे, रोलर मांडीवर असतानाच झाला. अमरावतीच्या मालकाला माणसं लवकर यायला हवी होती, म्हणून त्याचं घड्याळ वीस मिनिटं पुढे. अकोल्याच्या मालकाला माणसं उशिरा जायला हवी होती, म्हणून त्याचं घड्याळ वीस मिनिटं मागे. आपल्या गावचा भोंगा खोटा आहे हे प्रत्येक गावाला माहीत होतं. दुसऱ्या गावचाही खोटा असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. मामांच्या पंच्याण्णव मिनिटांतली चाळीस मिनिटं दोन मालकांनी वाटून खाल्ली होती, आणि परतताना तेवढीच पुन्हा त्यांच्या अंगावर टाकली होती. मला मामींची तीन पानं आठवली आणि स्वतःची शरम वाटली.

भोवती वीस-पंचवीस माणसं उभी होती. त्यांत मागच्या गल्लीतला तो फिटरही होता, हाताची घडी घालून. तो माझ्या मनगटाकडे बघत होता. म्हणाला, "मास्तर, तुमच्या घड्याळात किती झाले जी?"

मामा चहात बघत होते. एवढ्या बारकाईने चहात बघणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. मी घड्याळाला कान लावला, हलवलं आणि म्हणालो, "बंद पडलं वाटतं. कुठल्याशा खड्ड्यात."

संध्याकाळी परतताना मामांनी मूर्तिजापूरला चहासाठी गाडी थांबवली. बराच वेळ बशी फुंकून झाल्यावर म्हणाले, "घड्याळ चालू हाये ना जवाई?"

"चालू आहे."

"मंग काहून तसे बोलले?"

"तुम्ही हे माहीत असून कधीपासून बोलत नाही, ते आधी सांगा."

"म्या काय लपवलं?" मामा म्हणाले. "आठच्या भोंग्यासंग निगालो, नवाच्या आत पोचलो. याच्यात एक अक्षर खोटं असन तं सांगा." मग बशी खाली ठेवून त्यांनी सांगितलं ते असं. चार वर्षांपूर्वी अकोल्याच्या मालकाने भिंतीवरचं घड्याळ त्यांच्याकडे साफ करायला दिलं. घड्याळ उत्तम होतं. काटे मुद्दाम मागे ठेवलेले होते. मामा त्या रात्री जेवले नाहीत. "मले खरंच वाटे का मी तासात येतो. लोकं म्हणत, म्हणून वाटे." घड्याळ त्यांनी पुसलं, तेल घातलं, आणि काटे पुन्हा मोजून वीस मिनिटं मागे लावून भिंतीवर टांगलं. "मालकाची वस्तू होती," ते म्हणाले. "जशी देल्ली तशी वापस केली." मग म्हणाले, "अकोल्याचं काम गेलं तं घरात काय राह्यते, थे तुमाले मालूम हाये. आन खोटं म्या बोलू शकत नाही. मंग चूप राह्यतो." मीही त्या दिवसापासून चूप राहणाऱ्यांत जमा झालो.

सगळं असंच चालू राहिलं असतं, पण पुढच्या हंगामात अमरावतीत शेतकी प्रदर्शन भरलं. त्याला एक अध्यक्ष, सात उपाध्यक्ष आणि एक चिटणीस होते. चिटणीस हे नुकतीच वकिली सुरू केलेले आणि नुकतीच नवी कोरी मोटारसायकल घेतलेले गृहस्थ होते, आणि दोहोंपैकी मोटारसायकल जास्त चालत होती. प्रदर्शनात नांगर, बियाणं आणि सशक्त बैल यांच्याबरोबर मोटारसायकलींची शर्यत असावी, असं त्यांच्या मनाने घेतलं. शर्यतीचा शेतीशी संबंध काय, असं एका उपाध्यक्षांनी विचारलं, तर "युवकांत गतीचं प्रेम" असं काहीतरी उत्तर मिळालं आणि ठराव पास झाला. मैदानावर चुन्याची लांबट गोल रेघ मारायची, तिच्यातून चार फेऱ्या, ज्याची वेळ कमी तो पहिला. चिटणीस त्या रेघेला रेसट्रॅक म्हणत. वेळ नोंदवण्यासाठी गावातलं सर्वांत अचूक घड्याळ हवं होतं, म्हणून मला बोलावण्यात आलं. आणि मामांशिवाय शर्यत होऊच शकत नव्हती, म्हणून चिटणीस दोन सभासद आणि मला घेऊन मामांच्या घरी गेले.

मामा अंगणात गाडीची साखळी पुसत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे निगाचं कोठून?"

"मंडपासमोरून."

"आन पोचाचं कोठी?"

"मंडपासमोरच."

"जिथून निगालो तिथंच पोचाचं, तं निगाचं काहून?"

चिटणिसांनी खेळाचं मानवी जीवनातलं स्थान सांगितलं. मामांनी ते साखळी पुसत ऐकलं. मग म्हणाले, "गोल फिरताना डावीकडंच वळाव लागन. डबा खाली असला तं हवेत उचलते."

"मग डबा सोडवून ठेवा."

"तिचा हात हाये तो वकीलसाहेब. तुमी कोर्टात जाताना हात घरी ठेवून जाता काय? वजनच पायजे तं अध्यक्षाले बसवा डब्यात. चांगले भरदार हायेत."

एक सभासद हसला आणि त्याने ते खोकल्यात मिसळलं. मामांनी पुढे सांगितलं, की गोल रस्त्यावर बंड्या नसणार, त्यामुळे गाव विचारायचं कोणाला. समोरून कोणी येणार नाही म्हणजे नजर कशावर ठेवायची हा प्रश्न. आणि एकाच बाजूला वळत राहिलं तर चाकाची तीच बाजू झिजेल, उरलेल्या बाजूचं काय करायचं. यातलं प्रत्येक कारण खरं होतं, आणि खरं कारण यांत नव्हतं. सरतेशेवटी चिटणीस उठले आणि गोड आवाजात म्हणाले, "मामा, लोक काहीबाही बोलायला लागतील हो. अकोल्याची मंडळीही येणार आहेत. तुमचे ते मालक येणार, तिथला फिटरसुद्धा येणार म्हणत होता." ते गेल्यावर मामांनी मला थांबवून घेतलं.

"जवाई, तिथं निगाचं घड्याळ आन पोचाचं घड्याळ एकच असन काय?"

"एकच."

"कोणापाशी?"

मी मनगट पुढे केलं. मामा त्या घड्याळाकडे बघत राहिले. "मंग तं झालंच," ते म्हणाले. दारातून मामी म्हणाल्या, "जा ना जी. एक चक्कर मारून या. लोकायचं तोंड तं बंद होईन." मामा म्हणाले, "थेच तं पायजे नाही ना."

शर्यतीच्या दिवशी मामा आले. आले ते डब्यासकट, आणि डब्यात नेहमीसारखे रोलर, पाती आणि पान्यांची पिशवी. लोकांना वाटलं, वजनासाठी. कोट, मफलर, गॉगल, सगळं जागच्या जागी. चिटणीस चामड्याचं जाकीट घालून जानेवारीच्या उन्हात घामाघूम झाले होते. कार्यक्रम तीनचा होता, पण अध्यक्षांनी नांगराच्या इतिहासाला हात घातला, आणि तो इतिहास लांबचा निघाला. चार स्पर्धकांत पहिली पाळी चिटणिसांची. त्यांनी चार फेऱ्या मारल्या, दोनदा पाय टेकला, धुळीने उपाध्यक्षांची रांग एकसारख्या रंगाची केली, आणि मी कागदावर त्यांची वेळ लिहिली. मग कर्ण्यातून मामांचं नाव पुकारलं गेलं. मैदानावर जो आवाज उठला तो कोणत्याही बैलाला मिळाला नव्हता. अकोल्याचे मालक पहिल्या रांगेत होते. त्यांच्यामागे फिटर, हाताची घडी तशीच.

मामांनी गाडी रेघेवर आणली. दोन लाथा मारल्या आणि थांबले. अध्यक्षांना झेंडा कोणत्या हातात धरायचा ते कोणीतरी समजावत होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. गॉगलमधून माणसाचे डोळे दिसत नाहीत, पण खांदे दिसतात. इतकी वर्षं मी त्यांचे खांदे खाली आलेले पाहिले नव्हते.

तेवढ्यात आमच्या जिनाचा चारचा भोंगा झाला.

मामांची तिसरी लाथ पडली, आणि झेंड्याची वाट न पाहता गाडी सुटली. मी वेळ लिहिली: तीन चाळीस. पहिलं वळण मामांनी सावकाश घेतलं, पान्यांच्या पिशवीने डबा धरून ठेवला. समोरच्या सरळ रेघेवर ते आले, लोक उभे राहिले, आणि दुसऱ्या वळणाशी जिथे बैल आत आणण्यासाठी दोरी सोडलेली होती, तिथे मामा वळलेच नाहीत. चुन्याची रेघ ओलांडून, दोरीच्या फटीतून, पेंडीच्या ढिगाला वळसा घालून ते सरळ बडनेऱ्याच्या रस्त्याला लागले. मफलरची दोन टोकं थोडा वेळ दिसत होती, मग तीही दिसेनाशी झाली. कर्णेवाला बराच वेळ "मामा... मामा..." म्हणत राहिला.

उरलेल्या दोघांच्या फेऱ्या कोणी पाहिल्या नाहीत. लोक जागचे हलले नाहीत; त्यांना काय झालं ते समजलं नव्हतं आणि काय होणार ते मात्र नेमकं समजलं होतं. बक्षीस समारंभात अध्यक्ष पुन्हा बोलायला उभे राहिले असताना जिनाचा शिपाई सायकल हाणत आला. अकोल्याहून ट्रंक कॉल आला होता. निरोप त्याने मंडपातच, अध्यक्षांच्या आवाजावर आवाज चढवून सांगितला: "मामा पोचले. पाचच्या भोंग्याआधी पोचले. पाच नंबरच्या मशीनचा रोलर बदलून राह्यले."

टाळ्या थांबेनात. अकोल्याचे मालक शेजारच्याला सांगत होते, की चारला निघाला आणि पाचच्या आत पोचला, आणि तेही मध्ये अर्धी चक्कर मारून. चिटणिसांनी हात वर केला. "हे नियमात बसत नाही," ते म्हणाले. "वेळ घड्याळावर ठरते. वेळ नोंदवणारे इथे आहेत. मास्तर, मामांची वेळ सांगा." अध्यक्षांनी कर्णा माझ्याकडे सरकवला. फिटर उठून उभा राहिला होता. माझ्या मनगटावर साडेपाच झाले होते, आणि मामा कधी पोचले असतील ते मला मिनिटासकट सांगता आलं असतं. मामांचं अकोल्याचं काम त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं.

मी कर्ण्यात म्हणालो, "माझ्या कागदाप्रमाणे मामा निघाले आहेत. इथे परत पोचलेले नाहीत. फेरी पूर्ण झाल्याशिवाय वेळ सांगता येत नाही." हे अक्षरशः खरं होतं. इतके दिवस मामांच्या सहवासात राहून मला एवढं तरी यायलाच हवं होतं. पहिलं बक्षीस चिटणिसांना मिळालं. त्यांनी ते घेतलं तेव्हा अर्धं मैदान अकोल्याच्या दिशेने बघत होतं. फिटर मात्र जाताना माझ्याजवळ आला, घडी सोडली आणि हळूच म्हणाला, "मास्तर, घड्याळ सुधरवून घ्या. दरसाली खड्ड्यातच पडून राह्यलं." त्याला सगळं माहीत होतं. त्याने ते कुठे बोलून दाखवलं नाही. का, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही. मामांचं येणं बंद झालं असतं, तर भोंग्याच्या वेळी फाटकात जमून पाहण्यासारखं काही उरलं नसतं, आणि ते त्यालाही नको असावं, एवढंच मला सुचतं.

त्यानंतर मामांना गोल फिरायला कोणी बोलावलं नाही. सहा-सात वर्षांनी त्यांचं गुडघ्यांचं दुखणं वाढलं, तिसऱ्या लाथेला चौथीची जोड लागू लागली, आणि मामींच्या भावाने अकोल्यात त्यांना दोन खोल्या पाहून दिल्या. निघायच्या दिवशी सकाळी आम्ही त्यांच्या अंगणात जमलो. मोठं सामान बैलगाडीतून आदल्या दिवशीच गेलं होतं. डब्यात मामी बसल्या. मांडीवर पानाचा डबा, पायाशी रोलरऐवजी तुळशीची कुंडी. मामांनी कोट घातला, मफलर बांधलं आणि गाडीजवळ नुसते उभे राहिले. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं. मी म्हणालो, "मामा, तुमची ती फेरी अजून माझ्याकडे अर्धीच आहे. कागद ठेवलाय मी."

"राहू द्या," मामा म्हणाले. "पुरी नका करू."

"निघायचं ना?" माझ्या बायकोने विचारलं.

"भोंगा नाही झाला अजून," मामी म्हणाल्या.

मग जिनाचा भोंगा झाला, मामांनी लाथा मारल्या, गाडीने थोडा विचार केला आणि ऐकलं. वळणावर एक बंडी होती. मामा तिच्या बरोबरीला गेले, काहीतरी विचारलं, उत्तर ऐकलं आणि पुढे गेले. मी मनगटाकडे पाहिलं नाही. घरी येऊन शाळेची तयारी केली, वर्गावर गेलो, फळ्यावर वजाबाकीची उदाहरणं लिहिली. शाळेच्या घड्याळात नऊ वाजले तेव्हा माझ्या मनात आलं, की अकोल्यात नऊ वाजायला अजून वीस मिनिटं आहेत, मामा मूर्तिजापूर ओलांडून बरेच पुढे गेले असतील, मामींचं तिसरं पान चालू असेल, आणि फाटकात कोणीतरी हाताची घडी घालून उभं असेल. नवाच्या आत ते पोचले हे दुसऱ्या दिवशी कळलंच. पुन्हा ते अमरावतीला आले नाहीत. परतीचे ते सव्वादोन तास त्यांना त्यानंतर कधी मोजावे लागले नाहीत.